एका देहाच्या दोन फायली

वलगाव कुठे आले, असे कुणी विचारले की मी पेढी नदीचे नाव सांगते, आणि पेढी म्हटले की गाडगेबाबा आलेच. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी बाबांना मोटारीतून अमरावतीला नेत असताना आमच्या गावाजवळ या नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. माझ्या लहानपणी त्या पुलावरून जाताना अम्मी डोक्यावरचा पदर सारखा करायची. बाबा कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यात कधी निघाल्याचे मला आठवत नाही.

याच बाबांच्या नावाची एक धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात कर्करोगावर उपचार घ्यायला गावोगावची जी माणसे येतात, त्यातली कितीतरी तिथे उतरतात. मीही तिथे राहून आले. स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे म्हणून आम्ही मुंबईला गेलो होतो. वलगावची बाई मुंबईत गाडगेबाबांच्या छपराखाली झोपली, याचे घरच्यांना केवढे समाधान वाटले होते!

आज मला बोलायचे आहे ते दोन आजारांबद्दल. एक मोठा, ज्याचे नाव घरात हळू आवाजात घेतात. दुसरा धाकटा, ज्याला आपल्याकडे कुणी आजार म्हणायलाही तयार नसते. स्तनाचा कर्करोग आणि थायरॉइड मंदावणे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई आहे. पण हे दोन्ही आजार माझ्या एकाच देहात राहतात, त्यामुळे त्यांचा इतिहास वाचणे मला भाग पडले. तो वाचताना कळले की सव्वाशे वर्षांपूर्वी हे दोन विषय डॉक्टरांच्या एकाच टेबलावर होते. नंतर ते वेगळे झाले, आणि त्या वेगळेपणात माझे सात महिने गेले.

आधी ते सात महिने सांगते.

थायरॉइडची गोळी मी बारा वर्षांपासून घेत होते. रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची एक पांढरी गोळी, अनाशापोटी. साखरेच्या डब्यामागे तिची बाटली असायची. ऑक्टोबर २०१८ मध्ये माझ्या गाठीचे ऑपरेशन ठरले. नवी फाइल झाली, नवी पिशवी शिवली, एक्स-रेची पाकिटे, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, सगळे त्यात गेले. बाटली साखरेच्या डब्यामागेच राहिली. दवाखान्यात अर्ज भरताना विचारले, ‘इतर काही आजार?’ मी म्हटले, ‘नाही.’ खोटे बोलायचे म्हणून नव्हे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दमा नाही. थायरॉइड काय, घरोघरी असते. समोर एवढे मोठे संकट उभे असताना त्या चिमुकल्या गोळीचे नाव घेणे मला वायफळ वाटले. चूक माझीच होती.

ऑपरेशन झाले, किमो झाले, मग मानेच्या खालच्या भागापर्यंत किरणांचे शेक झाले. केस गेले. थकवा आला. वजन वाढले. तोंड सुजले, आवाज घोगरा झाला. पोट साफ होईना. शब्द आठवेनात. एकदा सुनेला खिडकी लावून घे म्हणायचे होते, तर ‘खिडकी’ हा शब्द सापडेना. भिंतीकडे बोट दाखवून ‘ते, ते’ म्हणत राहिले. कविता लिहिणाऱ्या बाईची ही दशा. आल्यागेल्याला एकच उत्तर ठाऊक होते, ‘किमोमुळे होते तसे.’ मलाही तेच ठाऊक होते. या उत्तराला एक मोठी सोय असते. ते ऐकले की पुढे कुणी काही विचारत नाही.

२०१९ चा मे महिना. वऱ्हाडातला मे म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पंखा गरम वारा फेकतो, पिण्याच्या माठाला दिवसातून दोनदा ओले फडके गुंडाळावे लागते. आणि मी त्या दिवसांत अंगावर शाल घेऊन बसले होते. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून पाहत राहिल्या. म्हणाल्या, ‘काहून वं बाई, मे महिन्यात शाल? आन् तोंड असं सुजल्यावानी काहून दिसते तुयं? मले नाई वाटत हे किमोचं. दुसरं काई असन.’

काकू चौथी शिकलेल्या. पण त्यांनी जे पाहिले ते फाइलमध्ये नव्हते. त्यांच्याच आग्रहाने अमरावतीच्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाय किती सावकाश हलतो ते पाहिले आणि विचारले, ‘ताई, थायरॉइडची गोळी कितीची चालू आहे?’ चालू आहे का, असे त्यांनी विचारले नाही. कितीची, असे विचारले. मी यांच्याकडे पाहिले, हे माझ्याकडे. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा जो टीएसएच साधारण चार-पाचच्या आत हवा, तो शंभराच्या वर होता.

टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉइड काम करीत नसेल तर हाक वाढत जाते. माझ्या देहात सात महिने कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि आम्ही सगळे ‘किमोमुळे’ म्हणत होतो.

तर हे दोन विषय एकत्र कधी होते?

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय पाहा. ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे निदान त्यात एकत्र आहे. अर्बुद म्हणजे वाढत जाणारी घट्ट गाठ. आज काही भाषांत कर्करोगाला हाच शब्द वापरतात. गलगंड म्हणजे गळ्याची, थायरॉइडची सूज. स्तनरोगांचा विचार त्याच्या लगतच्या दहाव्या अध्यायात आहे. या दोहोंचा संबंध सुश्रुताला कळला होता, असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. आपल्या पूर्वजांना सर्वच ठाऊक होते असे म्हणणारी माणसे आमच्यातही आहेत, तुमच्यातही आहेत. त्याने फक्त देहावर उठणाऱ्या गाठी एकत्र मांडल्या. पण मांडल्या खऱ्या.

दहाव्या-अकराव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा, म्हणजे कॉर्डोव्हा शहराजवळ अल-जहरावी नावाचे शल्यवैद्य होऊन गेले. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात शस्त्रक्रियेचा मोठा भाग आहे. गलगंडाला ते ‘गळ्यातला हत्ती’ म्हणतात, आणि ही सूज बायकांत फार दिसते असे नोंदवतात. स्तनाच्या कर्करोगाबद्दल त्यांचे म्हणणे असे, की गाठ लहान आणि नवी असेल तर ती मुळासकट काढावी. जुनी आणि मोठी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. आणि पुढे हा थोर माणूस कबूल करतो की अशी जुनी गाठ आपण कधी बरी केली नाही, दुसऱ्या कुणी बरी केल्याचेही पाहिले नाही. हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने आपले अपयश लिहून ठेवावे, हे मला त्याच्या साऱ्या हत्यारांच्या चित्रांपेक्षा मोठे वाटते.

मधली शतके ओलांडून थेट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी येऊ. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी प्रौढ बायकांचा एक विचित्र आजार मांडला. चेहरा सुजलेला, जीभ जड, बोलणे संथ, हालचाल मंद, सतत थंडी. चार वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी त्याला ‘मिक्सीडीमा’ हे नाव दिले. पण कारण उलगडायला एका अपघाताची गरज होती. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात थिओडोर कोखर हे निष्णात सर्जन गलगंडाच्या शस्त्रक्रिया करीत. ज्यांची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली ते रोगी नंतर कसे आहेत, हे पाहायला त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलावले, आणि जे दिसले ते १८८३ मध्ये जाहीर केले. ती माणसे सुजली होती, मंदावली होती. मुले वाढायची थांबली होती. गळ्यातला हत्ती गेला, पण त्याच्याबरोबर माणसाची चेतनाही गेली. थायरॉइडवरच्या कामासाठी कोखरना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

उपाय सापडला १८९१ मध्ये, इंग्लंडच्या न्यूकॅसल गावी. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून मिक्सीडीमा झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ती बाई हिंडू-फिरू लागली, बोलू लागली. पुढे ती आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये वारली. तेवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनीच दिला आहे. बकरी ईदला आमच्या घरी हा हिशेब मी सांगितला तेव्हा नातू बराच वेळ गप्प होता. १८९२ मध्ये कळले की ग्रंथी टोचायची गरज नाही, पोटात घेतली तरी चालते. लगेच गोळ्या निघाल्या.

आणि आता जिथे दोन वाटा एकमेकींना भेटतात ते ठिकाण. ग्लासगो, १८९५. जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जनकडे ३३ वर्षांची एक बाई आली. दोन मुलांची आई. स्तनाचा कर्करोग ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. तरुणपणी बीटसन यांनी दूध कसे तयार होते या विषयावर प्रबंध लिहिला होता. काही देशांत गायीचे दूध आटू नये म्हणून शेतकरी तिचे अंडाशय काढतात, हे त्यांना तेव्हा कळले होते. म्हणजे स्तन आणि दूर पोटातले अंडाशय यांच्यात काही न दिसणारे नाते असले पाहिजे. हार्मोन हा शब्द तेव्हा नव्हता. तो १९०५ मध्ये आला. बीटसन यांनी त्या बाईला आधी महिनाभर थायरॉइडच्या गोळ्या दिल्या. मग तिचे अंडाशय काढले, आणि त्यानंतरही थायरॉइडच्या गोळ्या चालू ठेवल्या. या गोळ्यांनी शरीरातल्या रसवाहिन्यांना चालना मिळते, अशी त्यांची समजूत होती. गाठ हळूहळू विरघळत गेली. ती बाई पुढे सुमारे चार वर्षे जगली. १८९६ मध्ये बीटसन यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले. स्तनाच्या कर्करोगावरच्या हार्मोन उपचारांचा जन्म तिथे झाला असे मानतात. आज माझ्यासारख्या लाखो बायका रोज जी गोळी घेतात तिचे मूळ त्या शस्त्रक्रियेत आहे.

त्या जन्मवेळी थायरॉइडची गोळी हजर होती, ही गोष्ट मात्र बहुतेक पुस्तके एका ओळीत सांगून पुढे जातात. त्यांचेही बरोबर आहे. गुण अंडाशय काढल्याचा होता, थायरॉइडचा नव्हता. १९०० मध्ये स्टॅन्ली बॉइड यांनी अशा शस्त्रक्रियांचा आढावा घेतला तेव्हा साधारण एक तृतीयांश रोग्यांना फायदा झालेला दिसला. थायरॉइडची गोळी त्या कहाणीतून हळूहळू मागे पडली.

याच काळात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड हे नाव गाजत होते. स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळे काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने पाऊणशे वर्षे जगभर चालली. बायकांच्या छातीची पार वाट लावणारी ती शस्त्रक्रिया होती. एवढे कापायची गरज नाही हे सिद्ध व्हायला १९७० आणि १९८० ची दशके उजाडावी लागली. पण याच हॉल्स्टेड यांनी थायरॉइडच्या शस्त्रक्रियेवरही आयुष्य घालवले, हे थोड्यांना ठाऊक असते. कोखर त्यांचे स्नेही. १९२० मध्ये त्यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. एकाच माणसाच्या हाती दोन्ही अवयव होते.

मग प्रत्येक विषय मोठा झाला आणि आपापल्या घरात राहायला गेला. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉइडमधला मूळ पदार्थ, थायरॉक्सिन, वेगळा काढला. त्यासाठी डुकरांच्या ग्रंथी टनांनी वापराव्या लागल्या आणि हाती आले काही ग्रॅम. १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. आजची गोळी अशी बनवलेली असते, म्हणून आमच्यासारख्यांना मौलवीसाहेबांकडे विचारायला जावे लागत नाही. तिकडे स्तनाच्या कर्करोगासाठी १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन तयार झाले. शोधत होते ते गर्भनिरोधक. तिथे ते कुचकामी ठरले. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलातून स्तनाच्या कर्करोगावरचे त्याचे पहिले निष्कर्ष आले. थायरॉइडचे डॉक्टर वेगळे झाले, कर्करोगाचे वेगळे. ओपीडीचे वार वेगळे झाले. फायली वेगळ्या झाल्या.

आपल्या महाराष्ट्रात मात्र या दोन्ही वाटा एकदा अगदी भिंतीला भिंत लागून आल्या. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. होमी भाभांचे दिवस होते. १९६३ मध्ये टाटा हॉस्पिटलच्याच जोडइमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. त्यांचे एक मुख्य काम कोणते? थायरॉइड. किरणोत्सारी आयोडीन रोग्याला द्यायचे आणि ग्रंथी ते किती शोषते हे यंत्राने मोजायचे.

रक्तातले हार्मोन अचूक मोजता येऊ लागले तेही याच सुमारास. अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत काढली. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. गुडघ्यावर हातोडी मारून थायरॉइड ओळखण्याचे दिवस त्यांच्यामुळे संपले, असे पुस्तके म्हणतात. माझ्या बाबतीत संपले नव्हते, हे मी सांगितलेच! भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले डॉ. ए. वेलुमणी यांनी नोकरी सोडून १९९६ मध्ये मुंबईत थायरोकेअर ही तपासणीची संस्था काढली आणि ही चाचणी लहान गावांच्या आवाक्यात आणली. आज वलगावच्या बाईचे रक्त सकाळी घेतले तर रिपोर्ट संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर येतो.

वऱ्हाडात कर्करोग म्हटले की मुंबईच्या आधी नागपूर आठवते. तिथल्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांनीच ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला कर्करोगाने देह ठेवला. आमच्याकडची माणसे रोगाचे नाव घेत नाहीत. ‘तिला तुकडोजीला नेली’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे समजते. भजनाला बसणाऱ्या माणसाच्या नावाने रोगाची धास्ती थोडी कमी होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता या दोन आजारांचे एकमेकांशी नाते काय? इथे डॉक्टरांचेही एकमत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी लिहिले की थायरॉइड मंद असलेल्या बायकांत स्तनाचा कर्करोग कमी आढळतो. पुढच्या काही अभ्यासांत तसा फरक दिसला नाही, काहींत उलटे दिसले. मला जास्त उपयोगी वाटले ते डेन्मार्कचे काम. त्या देशात प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद सरकारदरबारी असते, म्हणजे दोन्ही फायली एकत्र असतात. तिथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सांगितले की थायरॉइड मंद असल्यामुळे स्तनाचा कर्करोग उलटण्याचा धोका वाढत नाही. २०२० मध्ये त्यांनीच सांगितले की कर्करोगाच्या उपचारानंतर थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त असते, आणि किमोबरोबर काखेतल्या-गळ्याकडच्या गाठींना शेक दिलेल्यांत ते अधिक असते. कारण समजण्यासारखे आहे. हसळीच्या हाडावरच्या भागाला शेक देताना थायरॉइडचा काही भाग त्या किरणांच्या वाटेत येतो. त्याचे परिणाम महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. तोवर बाई ‘बरी’ झालेली असते आणि तिचा थकवा वयाच्या खात्यावर टाकलेला असतो.

आठ भारतीय शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉइड मंद आढळली होती, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे गाठीचा रिपोर्ट हाती घेऊन रांगेत बसलेल्या बायकांतही अशा पुष्कळ असणार. दादरच्या धर्मशाळेत माझ्या खोलीत आम्ही चौघी होतो. सांगलीकडची एक, खानदेशातल्या दोघी आणि मी. रात्री गोळ्यांचे डबे उघडले तेव्हा खानदेशातल्या एकीकडे तीच चिमुकली पांढरी गोळी निघाली. ‘तुमची?’ तिने मला विचारले होते. मी म्हटले होते, ‘घरी राहिली.’ आणि आम्ही दोघी हसलो होतो.

गोळी पुन्हा सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी आधी हृदयाची पट्टी काढली आणि अगदी थोड्या मात्रेपासून चढत गेले. सात महिने मंदावलेल्या हृदयाला एकदम पळवता येत नाही. दीड महिन्याने पुन्हा रक्त. टीएसएच उतरला, पण हवा तेवढा नाही. मात्रा वाढवली. पुन्हा दीड महिना. पुन्हा तेच. गोळी मी एक दिवसही चुकवली नव्हती, शपथेवर सांगते.

चोर सापडला तो आमच्या सुनेला. कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या माझ्या वयाच्या बायकांना लेट्रोझोलसारखी गोळी पाच-पाच वर्षे देतात. तिने हाडे ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियमची गोळी आली. मी सकाळी उठून चहाबरोबर सगळ्या गोळ्या एका दमात घशाखाली ढकलत होते. ‘अम्मी, एकदाचे उरकून टाका’ असे सूनच म्हणायची, आणि मग तिनेच थायरॉइडच्या बाटलीतला बारीक अक्षरातला कागद वाचला. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मध्ये चार तासांचे अंतर हवे. चहा, दूध, सोयाबीन, यांच्याशीही तिचे फारसे जमत नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास थांबायचे.

अशी आणखी काही भांडणे आहेत. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईच्या रक्तात थायरॉइडचे हार्मोन वाहून नेणारे प्रथिन वाढते. त्यामुळे ‘एकूण टी-फोर’ची चाचणी केली तर आकडा चांगला दिसतो, प्रत्यक्षात बाई मंद असू शकते. तिने टीएसएच आणि ‘फ्री टी-फोर’ पाहायला हवे. किमोनंतर केस लवकर यावेत म्हणून बायका बायोटिन घेतात. ते रक्तात असताना काही यंत्रे थायरॉइडचे आकडे चुकीचे दाखवतात. तपासणीच्या आधी दोन दिवस ते बंद ठेवायचे, आणि घेत असल्याचे डॉक्टरांना सांगायचे. यातले एकही वाक्य अवघड नाही. पण ते सांगायचे कुणी? कर्करोगाच्या डॉक्टरांना वाटते थायरॉइडवाले सांगतील. थायरॉइडवाल्यांना बाई कर्करोगाच्या गोळ्या घेते हेच ठाऊक नसते. औषधाच्या दुकानातला पोरगा दोन्ही गोळ्या एकाच कागदी पुडीत टाकून देतो.

रमजानमध्ये पंचाईत झाली. रोजे धरायचे की नाही, हे पहिल्या वर्षी डॉक्टरांनीच ठरवून टाकले: नाही. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली तेव्हा गोळीचा प्रश्न आला. सहरीसाठी उठायचे साडेतीनला, लगेच गोळी, आणि चारला जेवायचे, असे करून पाहिले. डोळे उघडत नसत. शेवटी डॉक्टरांनी रात्री झोपताना घ्यायला सांगितले, इफ्तारनंतरच्या जेवणाला तीन तास झाल्यावर. तरावीहची नमाज आटोपून, पाणी पिऊन, गोळी घेऊन मी झोपते. कॅल्शियम इफ्तारला. महिना संपला की पुन्हा पहाटेची वेळ. फजरच्या अजानला उठते, गोळी घेते, मग वजू. नमाज आणि थोडे वाचन होईपर्यंत चहाची वेळ होते.

शब्द परत आले. सगळे नाही. काही किमोने नेले असतील, काही वयाने. आवाज आता पहिल्यासारखा खणखणीत नाही, हे माईकसमोर बसल्यावर मलाही कळते. मे महिन्यात मात्र मला घाम येतो, आणि घाम पुसताना मी कुरकुर करीत नाही.

घरी सुनेने दोन्ही फायली एका दोऱ्याने बांधल्या आहेत. वरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तिने गोळ्यांची यादी चिकटवली आहे, कोणती कधी, कोणत्या दोन एकत्र नकोत. गावातून कुणी तुकडोजीला किंवा मुंबईला निघाले की घरचे माणूस आमच्याकडे येते. काय काय बरोबर न्यायचे, असे विचारते. मी विचारते, ‘साखरेच्या डब्यामागे काही आहे का?’ पहिल्यांदा त्यांना काही कळत नाही. मग परवा एकाने घरी जाऊन खरेच पाहिले, आणि अर्धी भरलेली बाटली घेऊन आला. त्याच्या आईची होती. दोन महिन्यांपासून तिने उघडलीच नव्हती.

माझा पुढचा टीएसएच येत्या महिन्यात आहे. काकूंनाही बरोबर नेणार आहे. त्यांच्याही तोंडावर मला हल्ली थोडी सूज दिसते. त्या म्हणतात, ‘मले काई नाई झालं बाप्पा, वय झालं.’